‘द इन्व्हिजिबल मॅन’: पट्ट्यांमागं लपलेला माणूस लोकांना एवढा ओळखीचा का वाटला असेल?

बाहेर बर्फ पडतंय. इंग्लंडमधल्या आयपिंग गावातल्या खानावळीचं दार उघडतं आणि चेहराभर पट्ट्या गुंडाळलेला, काळा चष्मा लावलेला एक माणूस आत येतो. गप्पा थांबतात. सगळे त्याच्याकडं बघत राहतात.

१९३३ सालच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ची ही सुरुवात. मूळ कादंबरी एच. जी. वेल्सची, १८९७ सालची. दिग्दर्शक जेम्स व्हेल, म्हणजे त्याआधी दोनच वर्षं ‘फ्रँकेन्स्टाइन’ करून लोकांची झोप उडवणारा गडी.

आता कम्प्युटर नसताना माणूस गायब कसा केला? जॉन फुल्टन या तंत्रज्ञानं अभिनेत्याला नखशिखांत काळ्या मखमलीत गुंडाळलं, वरून शर्ट-पँट चढवली आणि मागंही काळ्या मखमलीचाच पडदा लावला. कॅमेऱ्याला दिसले फक्त कपडे. मग हे चित्रण वेगळ्या शूट केलेल्या खोलीत बसवलं. डोळ्यांची भोकं वगैरे ज्या खुणा उरल्या, त्या फ्रेमवर हातानं रंग लावून झाकल्या. आत गुदमरणाऱ्या माणसाला नळीतून हवा द्यावी लागायची.

एवढं करूनही एक गंमत राहिलीच. अदृश्य राहायचं तर अंगावर कपडे नकोत, पण शेवटी बर्फात उमटतात ते चक्क बुटांचे ठसे!

गोष्टीत एक मोठा बदल केलाय. कादंबरीतला ग्रिफिन औषध घेण्याआधीच इतका स्वार्थी आहे की तो सख्ख्या बापाला लुटतो. सिनेमात मात्र ‘मोनोकेन’ नावाचं औषध त्याला वेडं करतं. खरं सांगायचं तर वेल्सचा ग्रिफिन जास्त भीतीदायक आहे, कारण तिथं औषधावर खापर फोडता येत नाही.

पण सिनेमाकडं दुसरं काहीतरी आहे. व्हेल पहिल्या महायुद्धात जर्मनांचा कैदी होता. पटकथाकार आर. सी. शेरिफ १९१७ मध्ये पॅशनडेलच्या लढाईत जखमी झाला. ग्रिफिन साकारणाऱ्या क्लॉड रेन्सची एका डोळ्याची दृष्टी विषारी वायूच्या हल्ल्यात जवळपास गेली होती. याच युद्धात कित्येक सैनिकांचे चेहरे उद्ध्वस्त झाले. लंडनच्या लष्करी रुग्णालयात शिल्पकार फ्रान्सिस डर्वेंट वूड त्यांच्यासाठी धातूचे मुखवटे बनवायचा.

पट्ट्या आणि खोटं नाक वेल्सनं युद्धाच्या १७ वर्षं आधीच लिहिलं होतं, त्यामुळं हा सिनेमा युद्धावरच आहे असं म्हणणं जास्तच होईल. पण ग्रिफिन चिडून खोटं नाक उपटतो आणि गावकऱ्यांवर फेकतो, तेव्हा १९३३ च्या प्रेक्षकाला फक्त शास्त्रज्ञच दिसला असेल, हे मला पटत नाही.

सिनेमा जेमतेम ७१ मिनिटांचा आहे. रेन्सचा चेहरा अगदी शेवटच्या काही क्षणांत दिसतो. तोवर सगळा खेळ त्याच्या आवाजावर चालतो, त्यामुळं बघताना हेडफोन लावाच.