ओंडक्यावरची अळिंबी आणि जळकोटचे भुसकट

जपानी भाषेत ‘शि’ हे ओकच्या कुळातील एका वृक्षाचे नाव आहे आणि ‘ताके’ म्हणजे अळिंबी. मोठ्या शहरांतील हॉटेलांच्या खाद्यसूचीवर स्थिरावलेली ‘शिताके’ अळिंबी झाडाचे नाव अशी अंगावर वागवते, कारण ती लाकडावरच वाढते. घराच्या परसात दहा-वीस ओंडके रचावेत आणि तीन-चार वर्षे त्यांवरून महागडी अळिंबी तोडत राहावे, ही कल्पना लहान शेतकऱ्याला मोह पाडणारी आहे. लातूर जिल्ह्यातील जळकोटसारख्या कोरडवाहू तालुक्यात ती कितपत उतरते, हे पाहण्यासाठी आधी ओंडक्याची रीत समजून घेतली पाहिजे.

झाडाची पानगळ झाली की चार ते सहा इंच जाडीची, तीन-चार फूट लांबीची फांदी तोडतात. तीन-चार आठवडे ती तशीच ठेवली जाते. नंतर सालीतून इंचभर खोल भोके पाडून त्यांत अळिंबीचे बियाणे मुरवलेल्या लाकडी खुंट्या ठोकतात आणि वरून मेण लावतात. लाकडाच्या तुकड्यांवर बियाणे तयार करण्याची ही पद्धत जपानमध्ये किसाकू मोरी यांनी १९४०च्या दशकाच्या प्रारंभी रूढ केली. त्यापूर्वी ओंडक्याला नुसत्या खाचा पाडून वाऱ्यावरचे बीजाणू येऊन पडण्याची वाट पाहावी लागे. खुंट्या ठोकल्यावर ओंडके सावलीत रचून सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत थांबायचे. या काळात बुरशीचे पांढरे तंतू सालीखालच्या मऊ लाकडात पसरतात. पुढे ओंडका दिवसभर थंड पाण्यात बुडवला, की तो पावसाळा आल्याचे समजून अळिंबी काढतो.

या सगळ्यात सावली, गारवा, पाणी आणि मुख्य म्हणजे झाड गृहीत धरलेले आहे. जपानमधील ओइता प्रांताच्या कुनिसाकी भागात ओकची राने आणि त्यांना लागून असलेली लहान-लहान तळी यांची एकत्र व्यवस्था आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये तिला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. तेथे तोडलेल्या ओकच्या बुंध्याला फुटवे येतात आणि सुमारे १५ वर्षांनी तेच झाड पुन्हा तोडणीस येते. भारतातही नागालँडसारख्या ओकच्या मुलखात ओंडक्यावरची शिताके घेतली जाते.

लातूरची गोष्ट वेगळी आहे. राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. शिताकेला फळण्यासाठी साधारण १२ ते २० अंशांचा गारवा लागतो. पाण्याबद्दल बोलायचे, तर २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूर शहराला पिण्याचे पाणी आणावे लागले होते. शिवाय आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे स्वतःच्या बांधावर असली, तरी १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगीवाचून तोडता येत नाहीत. बांधावरचा उरलासुरला आंबा अळिंबीसाठी पाडणे हा तोट्याचाच व्यवहार ठरेल.

मात्र ओंडका म्हणजे बुरशीच्या दृष्टीने सेल्युलोज आणि लिग्निन यांचा साठा. हाच साठा जळकोटच्या शिवारात दरवर्षी ढिगांनी तयार होतो. सोयाबीनची मळणी झाली की खळ्यावर उरते ते भुसकट, आणि तुरीच्या काढणीनंतरच्या तुराट्या. कडब्याची गोष्ट निराळी, तो जनावरांच्या तोंडचा घास आहे. भुसकट मात्र बऱ्याच ठिकाणी पेटवून दिले जाते. निसर्गात वाळल्या खोडांवर उगवणारी धिंगरी अळिंबी या भुसकटावर उत्तम वाढते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये भाताच्या काडावर धिंगरी वाढवली, तेव्हाच ओंडक्यावाचून भागते हे आपल्याकडे सिद्ध झाले होते.

कृतीही आटोपशीर आहे. भुसकट रात्रभर भिजवून निथळायचे, मग सुमारे ८० अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवायचे. चुलीवरच्या पिंपात हे होते आणि सरपण तुराट्यांचेच. फॉर्मॅलिनची रासायनिक पद्धत सांगितली जाते, पण घरगुती प्रमाणावर गरम पाणीच बरे. भुसकट गार झाले की प्लॅस्टिकच्या पिशवीत थरावर थर देत ओल्या वजनाच्या दोन टक्के बियाणे पेरायचे आणि पिशवीला भोके पाडून ती अंधाऱ्या खोलीत ठेवायची. पंधरा ते अठरा दिवसांत आतले सारे पांढरे होते. मग पिशवी काढून ते बेड टांगायचे आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारायचा. एक किलो वाळल्या भुसकटापासून दीड महिन्यात, तीन तोड्यांत मिळून, सहाशे ग्रॅम ते एक किलो ताजी अळिंबी मिळते.

हंगामाचा मेळही चांगला बसतो. सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत निघते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा धिंगरीला मानवणारा काळ. हवा मात्र कोरडी असते. कुडाच्या खोपीला आतून ओली पोती लावून ऐंशी टक्क्यांवर आर्द्रता टिकवावी लागते. मार्चनंतर हौस असेल तर उष्णता सोसणारी गुलाबी धिंगरी करून पाहावी. मे महिन्याच्या नादी लागू नये.

खरी अडचण येते ती विक्रीत. ताज्या अळिंबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि ती बाहेर एक दिवस जेमतेम टिकते. जळकोटच्या आठवडी बाजारात ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून नाक मुरडणारे गिऱ्हाईक अजून भेटते, आणि पावसाळ्यात उगवणाऱ्या अनेक रानछत्र्या विषारी असल्याने ती भीती अगदीच अनाठायी नाही. म्हणून आरंभ दहा बेडांनी करावा, उदगीर-लातूरच्या हॉटेलांशी बोलणी बियाणे आणण्याआधी करावीत आणि उरलेला माल उन्हात वाळवावा. वाळल्यावर वजन दहाव्या हिश्शावर येते, पण माल महिनोन्‌महिने टिकतो. बियाणे घ्या, सगळा माल आम्ही परत घेऊ, असे सांगणाऱ्याकडून लेखी करार मागावा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. बियाण्याची आणि प्रशिक्षणाची चौकशी तेथून सुरू करता येते.

शहरातल्या हौशी माणसाला ओंडकाच हवा असेल, तर छाटणीत निघालेली सुबाभळीची जाड, ताजी फांदी पावसाळ्याच्या तोंडावर धिंगरीसाठी वापरून पाहता येईल. बुंध्याकडचा भाग ओल्या मातीत पुरून ठेवला की ओल टिकते. भुसकटाचा बेड तीन तोड्यांनंतर संपतो. तो मोडून खताच्या खड्ड्यात टाकला, की पुढच्या खरिपात त्याच शेतात परत जातो.