1,090, आणि बाकीचे अंदाजे

1,090 हा आकडा नक्की आहे. त्याच्यामागे 'सुमारे' नाही. 1952 मध्ये केनियात आणीबाणी पुकारल्यानंतर इंग्रज राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ बंडाच्या नावाखाली इंग्रज सरकारने एवढ्या माणसांना फासावर चढवलं. खुनासाठी 346, हत्यार किंवा काडतुसं जवळ बाळगल्याबद्दल 472, बंडखोरांत ऊठबस केल्याबद्दल 210, शपथ दिल्याबद्दल 62. बेरीज करून पाहा, एकाचाही फरक पडत नाही. म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त लोकांवर खुनाचा आरोप शाबीत झालेला नव्हता. या सगळ्या वर्षांत मारले गेलेले गोरे वसाहतवाले होते 32.

आता दुसरा आकडा. जून 1954 ते ऑक्टोबर 1955 या काळात किकुयू जमातीच्या 10,50,899 लोकांना घरांतून उठवून 804 नव्या गावांत कोंडलं गेलं. भोवती खंदक, काटेरी तार, वर पहारा. 2011 च्या जनगणनेत म्हैसूर शहराची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास होती. ते अख्खं शहर रिकामं केलं, तरी ही संख्या भरत नाही.

मेलेल्यांचा हिशेब मात्र घसरतो. सरकार म्हणतं, बंडखोर सुमारे 11,000. इतिहासकार डेव्हिड अँडरसन वीस हजारांच्या पुढे जातात. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन ब्लॅकर यांचा अंदाज 50,000 जादा मृत्यूंचा, त्यांतली निम्मी दहा वर्षांखालची मुलं. कॅरोलाइन एल्किन्स तर लाखांची भाषा करतात, आणि तिथेच वाद पेटतो. मला ब्लॅकरचं गणित जास्त पटतं. वादाला कारण एकच: फाशीची फाइल ठेवायची असते, छावणीतल्या तापाची कोण ठेवणार?

नैरोबीत तेव्हा भारताचे आयुक्त होते औंधचे आप्पासाहेब पंत. वडील औंधचे राजे. 1939 मध्ये त्यांनी आपल्या 72 गावांना स्वराज्य दिलं होतं, आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेल्या तुरुंगाची वसाहतही त्याच संस्थानातली. अशा घरातला माणूस किकुयू पुढाऱ्यांशी उघड मैत्री ठेवतो, हे गोऱ्यांना कसं पचावं? तक्रारी गेल्या, 1954 मध्ये पंतांनी नैरोबी सोडलं.

3 मार्च 1959 रोजी केनियातल्या होला बंदिछावणीत 11 कैदी मारहाणीत मेले. सरकारने आधी सांगितलं, पाणी पिऊन मेले.

2011 मध्ये इंग्लंडमधल्या हॅन्स्लोप पार्क या सरकारी दफ्तरखान्यात केनियाच्या सुमारे 1,500 फायली असल्याचं उघड झालं. पन्नास वर्षं सरकारनेच त्या दडवल्या होत्या. 2013 मध्ये छळ सोसलेल्या 5,228 जणांसाठी वकिलांच्या खर्चासकट 1 कोटी 99 लाख पौंड मंजूर झाले. डोई 3,800 पौंडही पदरी पडले नाहीत, सरकारने कायदेशीर जबाबदारीही घेतली नाही. पुढे 40,000 हून अधिक लोक लंडनच्या न्यायालयात गेले. 2018 मध्ये दावा बुडाला. मुख्य कारण: मुदत टळली होती.