हप्ता भरूनही कर्ज का हलत नाही?

क्रेडिट कार्डाच्या बिलावरची ‘किमान देय रक्कम’ भरली की हायसं वाटतं. पण पुढच्या महिन्यात थकबाकी जवळपास तेवढीच! समजा, थकबाकी ५०,००० रुपये आणि व्याज महिना साडेतीन टक्के. व्याज झालं १,७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. तुम्ही भरले २,५००, म्हणजे मुद्दल घटलं फक्त ४३५ रुपयांनी! भोक पडलेल्या होडीतलं पाणी वाटीने उपसावं, तसंच हे.

आधी भोक बुजवायला हवं. अमेरिकेतल्या कर्ज व्यवस्थापन योजनांत समुपदेशन संस्था बँकांशी बोलून व्याज उतरवून घेते. सगळ्या कार्डांचा मिळून एकच हप्ता ठरतो. मुद्दल माफ होत नाही, साधारण तीन ते पाच वर्षांत फिटतं. आपल्याकडे, थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून मिळेल का, हे बँकेला आजच विचारा.