लेप्टोची गोळी आणि तारुण्यपिटिका

माझी भाची मूळची सिंधुदुर्ग जिल्ह्यातली. पदवी घेतल्यानंतर बँकेच्या परीक्षांची तयारी करण्यासाठी ती वर्षभर आमच्याकडे ठाण्याला राहिली होती. अभ्यासात हुशार, बोलण्यात चटपटीत. पण त्या वर्षी तिच्या चेहऱ्यावर मुरुमांनी असा उच्छाद मांडला की लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा आनंदही तिला धड साजरा करता येईना. "मामा, मुलाखतीला समोर बसलेले माझी उत्तरे ऐकणार की माझे गाल पाहणार?" हा तिचा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही.

त्याआधीचे सहा महिने तिने स्वतःच उपचार करून पाहिले होते. औषधांच्या दुकानातून तीन गोळ्यांचे पाकीट आणायचे, तीन दिवस गोळ्या घ्यायच्या, चेहरा जरा निवळला की विसरून जायचे आणि पुटकुळ्या पुन्हा उठल्या की पुन्हा तेच पाकीट. असे पाच-सहा वेळा झाले. त्या गोळ्या ॲझिथ्रोमायसिनच्या होत्या. दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नव्हती आणि हिच्याजवळ ती नव्हतीही. अखेर तिची मामी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पाकिटांचा हा सिलसिला थांबवला आणि डॉक्सिसायक्लिन हे दुसरे प्रतिजैविक लिहून दिले. सोबत दोन मलमे दिली. रात्री तिने गावी फोन करून गोळीचे नाव सांगितले, तेव्हा पलीकडून भावोजी उद्गारले, "अगो, ही तर आमची लेप्टोची गोळी! ती तोंडाक कित्याक?"

भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहणाऱ्या भावोजींनी आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने ही गोळी अनेकदा घेतली होती. त्यांचा प्रश्न साधा होता. पण मुरुमांवरील उपचारांचे बरेचसे मर्म त्याच्या उत्तरात सामावलेले आहे.

पुटकुळी कशी उठते?

तारुण्यपिटिका हा अस्वच्छतेचा रोग नव्हे. दिवसातून दहा वेळा तोंड धुतल्याने तो जात नाही. उलट त्वचा चिडते. आपल्या त्वचेवरील प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म कूप असतो आणि त्याला लागून तेल स्रवणारी ग्रंथी असते. वयात येताना पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढते. ही संप्रेरके मुलींच्या शरीरातही असतातच. त्यांच्या प्रभावाने तेल अधिक स्रवू लागते. त्याच वेळी त्वचेच्या मृत पेशी कूपाच्या तोंडाशी साचून ते बुजवतात. आतल्या आत कोंडलेल्या तेलावर क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जीवाणू पोसले जातात. हे जीवाणू बाहेरून आलेले नसतात. ते निरोगी त्वचेवरही नांदत असतात. मात्र कोंडलेल्या जागी त्यांची संख्या वाढली आणि शरीराच्या संरक्षक पेशी तेथे धावून आल्या की दाह होतो. पुटकुळी लाल होते, ठणकते, तिच्यात पू धरतो.

म्हणजेच वाढलेले तेल, बुजलेले तोंड, जीवाणू आणि दाह ही चार कारणे एकत्र येतात. प्रतिजैविकाचा उपयोग यांपैकी शेवटच्या दोहोंवरच होतो. बुजलेले तोंड त्याने उघडत नाही आणि तेलाचा स्रावही थांबत नाही. तीन दिवसांच्या पाकिटाने माझ्या भाचीचा चेहरा का सुधारे आणि पुन्हा का बिघडे, याचे उत्तर येथे मिळते.

मातीतून आलेले औषध

डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिन कुळातले औषध. या कुळाचा आरंभ अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या शेतातल्या मातीच्या एका नमुन्यातून झाला. त्या मातीतील सूक्ष्मजीवापासून सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डग्गर यांनी ऑरिओमायसिन हे औषध मिळवले आणि 1948 साली ते जगापुढे आले. ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत हे काम झाले, तेथील संशोधन विभागाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. मुरुमांसाठी या कुळातील औषधांचा वापर 1950 च्या दशकात सुरू झाला आणि 1967 साली डॉक्सिसायक्लिनला अमेरिकेत मान्यता मिळाली.

या औषधांचा विशेष असा की ती जीवाणूंची वाढ रोखतातच, शिवाय दाहही कमी करतात. म्हणून मध्यम ते तीव्र स्वरूपाच्या, लाल, पू धरणाऱ्या आणि छाती-पाठीवरही पसरलेल्या मुरुमांसाठी ती दिली जातात. गालावर चार-दोन पुटकुळ्या आल्या म्हणून पोटातून प्रतिजैविक घेण्याचे कारण नसते. तेथे मलम पुरेसे होते.

गोळी मुदतीची, मलम नेहमीचे

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी बजावल्या होत्या. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतील. आणि गोळी साधारण तीन महिन्यांनी बंद होईल. इंग्लंडमधील 2021 ची आणि अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात की पोटातून द्यायची प्रतिजैविके मर्यादित काळच द्यावीत आणि ती एकटी कधीही देऊ नयेत.

मग जोडीला काय? भाचीला मिळालेल्या मलमांपैकी एक बेंझॉइल पेरॉक्साइडचे होते. ते जीवाणूंना मारते, आणि जीवाणू त्याला सरावत नाहीत हा त्याचा मोठा गुण. उशीचे अभ्रे आणि टॉवेल यांचा रंग मात्र ते उडवते. दुसरे ॲडापॅलीनचे. रात्री वाटाण्याएवढे घेऊन साऱ्या चेहऱ्यावर पातळ लावायचे. ते कूपांची तोंडे मोकळी ठेवते. आरंभी त्वचा कोरडी पडते, थोडी चुरचुरते. म्हणून अनेकजण दुसऱ्याच आठवड्यात ते सोडून देतात आणि येथेच उपचार फसतो.

आपल्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर गोळी हे अल्पमुदतीचे कर्ज आहे. अडचणीच्या वेळी ते उपयोगी पडते, पण त्यावर घर चालत नाही. मलम म्हणजे आवर्ती ठेव. नियमाने भरत राहिल्यावरच तिचे फळ दिसते.

गोळी घेण्याची रीत

डॉक्सिसायक्लिनची गोळी अन्ननलिकेत अडकली तर तेथे व्रण होऊ शकतो. म्हणून ती बसून किंवा उभ्याने, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये. लोह, कॅल्शियम किंवा आम्लपित्ताची औषधे तिच्यासोबत घेतल्यास ती पुरती शोषली जात नाही. मध्ये काही तासांचे अंतर हवे. या काळात ऊन अधिक बाधते, तेव्हा टोपी, छत्री आणि ऊनरोधक मलम यांचा आळस नको. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना मुरुमांसाठी ही औषधे देत नाहीत. तीव्र डोकेदुखी आणि दृष्टी अंधुक होणे ही लक्षणे दिसताच गोळी थांबवून डॉक्टरांना भेटावे. तीव्र मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाचे औषध चालू असेल, तर त्यासोबत टेट्रासायक्लिन कुळातील गोळी घेऊ नये; मेंदूभोवतीचा दाब वाढण्याचा धोका असतो. आणि चटकन गोरेपणा देणारी, स्टेरॉइड मिसळलेली मलमे मैत्रिणीच्या सांगण्यावरून लावणे म्हणजे मुरुमांना आमंत्रणच होय.

सर्वांची ठेव

आता भावोजींच्या प्रश्नाचा उरलेला भाग. गोळी गिळली की ती फक्त गालावरच्या जीवाणूंपर्यंत जात नाही. आतड्यातील, घशातील असंख्य जीवाणूंशी तिची गाठ पडते. वारंवार, अर्धवट, विनाकारण घेतलेल्या प्रत्येक मात्रेत त्यांतले चिवट जीवाणू तगून राहतात आणि आपली चिवटाई इतरांना देतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या आपल्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेच्या या धोक्याचा इशारा दिला होता. मुरुमांच्या जीवाणूंमध्येही 1970 च्या दशकाच्या अखेरीस एरिथ्रोमायसिनला दाद न देणारे प्रकार आढळू लागले.

ॲझिथ्रोमायसिन त्याच एरिथ्रोमायसिनच्या कुळातले. ते शरीरात बरेच दिवस रेंगाळते. आपल्या देशात विषमज्वराचे जंतू अनेक जुन्या औषधांना जुमानेनासे झाले आहेत आणि अशा रुग्णांसाठी पोटातून देता येण्याजोग्या मोजक्या औषधांत ॲझिथ्रोमायसिनची गणना होते. जागतिक आरोग्य संघटनेने ते जपून वापरण्याच्या औषधांत घातले आहे. माझ्या भाचीने गालांसाठी जी पाकिटे संपवली, ती एखाद्या तापाने फणफणलेल्या मुलाच्या वाट्याची होती असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. डॉक्सिसायक्लिनही जपण्यासारखेच. लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस या रोगांत ते प्राण वाचवते. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतरची मुंबई आणि 2018 साली स्क्रब टायफसने हैराण झालेला नागपूर परिसर यांनी हे रोग जवळून पाहिले आहेत.

ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. पाकिटावरची उभी लाल रेघ तेच सांगते. तिचा अर्थ लोकांना कळावा म्हणून केंद्र सरकारने 2016 साली मोहीमही काढली. पण रेघ पाहायची की नाही, हे शेवटी गिऱ्हाइकाच्याच हाती असते.

भाचीची मुलाखत उपचारांच्या पाचव्या आठवड्यात झाली. चेहरा तेव्हा निम्माच निवळला होता. ती तशीच गेली, आणि निवड झाली. तीन महिने पूर्ण होताच गोळी बंद झाली. "आणखी एक महिना द्या ना," म्हणून तिने गळ घातली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवून मलमाकडे बोट दाखवले. आज ती एका शाखेत काम करते. डाग हळूहळू पुसट झाले आहेत. एखाद-दुसरी पुटकुळी अजून उठते आणि ॲडापॅलीनची नळी तिच्या कपाटात असते.

तिकडे गावी दर पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, आरोग्य केंद्राने सांगितले की भावोजी आपली लेप्टोची गोळी घेतात. ती गोळी त्यांच्या कामी येत राहावी एवढ्यासाठी तरी आपण सर्वांनी आपापल्या घरी हात आखडता घ्यायला हवा.