सरासरी ढेप गेली कुठे?

'आर'मध्ये हिस्टोग्राम आपण सगळेच काढतो. एक ओळ टाइप केली, चित्र आलं, प्रिंट मारली, जर्नलला चिकटवली, संपलं! मीही तेच करायचो. मग सुट्टीत खुटबावला गेलो.

आमच्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळं पुष्कळ. ओळखीच्या एका गुऱ्हाळावर किलोच्या ढेपांवरून वाद चालला होता. गिऱ्हाईक म्हणे, वजन कमी भरतं. मालक म्हणे, सरासरी काढा, बरोबर किलो येते. मी ८० ढेपा वजन करून आकडे हॉस्टेलवर आणले. सरासरी खरंच १००० ग्रॅमच्या आसपास. मग गिऱ्हाईक खोटं बोलतं का?

आता 'आर' उघडू. (आज्ञा इथे देवनागरीत दिल्यात; मशीनवर त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा, फक्त फॉल्स मोठ्या अक्षरांत.) साधी आज्ञा आहे हिस्ट(वजन). कप्पे किती करायचे हे तेव्हा 'आर' स्वतः ठरवतं, स्टर्जेसच्या १९२६ च्या सूत्राने. ८० आकड्यांना ते ८ कप्पे सुचवतं आणि मग सीमा गोल आकड्यांवर आणतं. म्हणून ब्रेक्स = १० लिहिलं तरी नेमके १० खांब येतीलच असं नाही; ती फक्त सूचना असते. हुकूम द्यायचा तर सीमाच सांगा: ब्रेक्स = सेक(९००, ११००, बाय = ५०). एखादा आकडा या सीमांबाहेर राहिला तर मात्र एरर येते.

५० ग्रॅमचे कप्पे धरले तर मधोमध दोन जवळपास सारखे खांब उभे राहिले. काही कळेना. बाय = १ केलं तर नुसता दात पडलेला कंगवा! बाय = १० केलं आणि चित्र बोललं. दोन टेकड्या, मध्ये खळगा. वर अ‍ॅबलाइन(व्ही = मीन(वजन)) देऊन सरासरीची उभी रेघ मारली, ती नेमकी खळग्यात! म्हणजे सरासरीएवढी ढेप जवळजवळ कुणालाच मिळत नव्हती. चौकशी केली तर साचे दोन मापांचे निघाले. मालकही खरे, गिऱ्हाईकही खरं.

आता सजावट. मेन ने शीर्षक, एक्सलॅब आणि वायलॅब ने अक्षांची नावं, कॉल ने रंग. एक्सलॅबमध्ये 'ग्रॅम' लिहायला विसरू नका, व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येतो. सीमेवरचा आकडा डावीकडच्या कप्प्यात जातो; उजवीकडे हवा असेल तर राइट = फॉल्स. दोन साच्यांच्या ढेपांची संख्या वेगळी असेल, तर तुलनेसाठी फ्रीक = फॉल्स द्या. मग खांबांचं एकूण क्षेत्रफळ १ होतं. आणि दोन्ही चित्रांना सीमा त्याच ठेवा.

तेव्हा जर्नलला चिकटवण्याआधी कप्प्यांची रुंदी तीन-चार वेळा तरी बदलून बघा. अडलं तर आकडे घेऊन माझ्या रूमवर या. येताना शेंगदाणे आणा, गूळ माझ्याकडे आहे!