दोन रेघांची फुली

कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला गेलात, तर देवळाला लागून असलेल्या चैत्यगृहात पाच मिनिटं जास्त काढा. आतल्या खांबांवर छिन्नीनं खोदलेल्या ओळी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. खांब कुणी दान दिला, तो कुठला राहणारा, हे त्यांत लिहिलंय, आणि एका गावाचं नाव पुन्हा पुन्हा येतं: धेनुकाकट. लिपी ब्राह्मी, त्यामुळे सुरुवातीला काहीच लागत नाही. पण त्या नावाच्या मधोमध नजर थांबवा. एक उभी रेघ, तिला छेदणारी एक आडवी रेघ. शेजारी पुन्हा तेच. बौद्ध लेण्यात दोन क्रूस?

ते 'का' आणि 'क' आहेत! पहिल्याला काना म्हणून एक बारीकशी रेघ जास्त, इतकंच.

अशोकाच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, क लिहीत तो हुबेहूब आपल्या बेरजेच्या चिन्हासारखा. विश्वास बसत नसेल तर कागद घ्या आणि आपला नेहमीचा क काढा. शिरोरेघ पुसा. डावीकडचं पोट उघडून सरळ करा, उजवीकडचा आकडा ताणून आडवा करा. काय उरलं? पिढ्यानपिढ्या लिहिणाऱ्यांच्या हातांना घाई होती. आडवी रेघ दोन्हीकडे खाली झुकली, तिला बाक आला, डावं टोक वळून उभ्या रेघेला चिकटलं. पहिलीतलं मूल 'क कमळाचा' गिरवतं, तेव्हा ते एक वाकलेली फुलीच गिरवत असतं.

आता भूमध्य समुद्राच्या काठी चला. फिनिशियन व्यापाऱ्यांची बावीस अक्षरांची लिपी होती आणि तिच्यातलं शेवटचं अक्षर होतं 'ताव'. त्याचा आकार? फुली. आपल्याकडे जिथून व्यंजनं सुरू होतात तोच आकार तिकडे वर्णमालेला पूर्णविराम देतो. 'ताव' या शब्दाचा अर्थच मुळी खूण. याच अक्षरापासून पुढे ग्रीकांचा 'टाऊ' झाला आणि इंग्रजीतला 'टी' झाला.

इजिप्तमध्ये वर्तुळ काढून आत फुली मारली की चित्रलिपीत त्याचा अर्थ होई गाव, नगर. गावकुसाच्या आत एकमेकांना छेदणारे रस्ते, किती सोपं! पण इराककडे सरका. सुमेरमध्ये धान्याचे आणि जनावरांचे हिशेब मातीच्या पाट्यांवर मांडले जात होते. तिथेही वर्तुळ, आत फुली. अर्थ मात्र मेंढी! रेघा त्याच, पण एकीकडे अख्खं शहर आणि दुसरीकडे एक मुकं जनावर.

मग या फुलीत असं काय आहे की जो तो तिलाच हात घालतो? दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्लॉम्बोस नावाची गुहा आहे. तिथे दगडाची एक कपची सापडली, जेमतेम चार सेंटीमीटरची, आणि २०१८ मध्ये तिच्याबद्दल जगाला कळलं. तिच्यावर लाल गेरूनं ओढलेल्या सहा समांतर रेघा आहेत आणि त्यांना छेदून जाणाऱ्या तीन. वय सुमारे ७३,००० वर्षं. शेती नव्हती, मडकी नव्हती, लिपीचा तर पत्ताच नव्हता, आणि कुणीतरी रेघांवरून रेघा ओढत बसलं होतं.

मला वाटतं, सगळं रहस्य छेदण्यात आहे. दगडावर एक ओरखडा असेल तर तो दुसऱ्या दगडाच्या घासण्यानं आला असेल, जनावराच्या नखानं आला असेल. पण त्याला बरोबर मध्ये छेदणारा दुसरा ओरखडा दिसला की मन थबकतं. हे कुणीतरी मुद्दाम केलंय! शिवाय दोन रेघा जिथे मिळतात तिथे फुकटात एक बिंदू मिळतो: इथेच, नेमकं इथे. सुतार लाकडावर खिळ्याची जागा अजून अशीच दाखवतो. म्हणून ज्याला जे नेमकं दाखवायचं होतं ते त्यानं या बिंदूवर ठेवलं, मग तो उच्चार असो, गाव असो की मेंढी.

बेरजेचं चिन्हसुद्धा वाटतं तितकं सरळ नाही. पेशावरजवळच्या बख्शाली गावात १८८१ मध्ये भूर्जपत्रावरचं एक जुनं गणिताचं हस्तलिखित सापडलं. त्यात आकड्यांपुढे ही खूण येते, पण ती ऋण संख्या दाखवण्यासाठी! आपण ज्याला 'अधिक' म्हणतो, तेच तिथे 'उणे'. युरोपात छापील पुस्तकात हे चिन्ह आपल्या ओळखीच्या अर्थानं आलं १४८९ मध्ये, योहानेस विडमान या जर्मन गणितज्ञाच्या हिशेबाच्या पुस्तकात. आणि याच फुलीचे चारही हात एकाच दिशेला वाकवले की ती फिरू लागते; ते स्वस्तिक सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही आहे. त्याची कथा एवढी मोठी आहे की तिला इथे नुसता हात लावून पुढे जातो.

कारण आता येतो तो क्रूस, जो म्हणताच सगळ्यांच्या डोळ्यांपुढे चर्च उभं राहतं. खुद्द ख्रिस्ती लोकच कित्येक पिढ्या हा आकार उघडपणे मिरवत नव्हते, हे ठाऊक आहे? रोमन साम्राज्यात क्रूस म्हणजे गुलामांना आणि बंडखोरांना हालहाल करून मारायचं लाकूड. फाशीचा दोर दागिना म्हणून गळ्यात कोण घालेल? सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींनी मासा काढला, जहाजाचा नांगर काढला, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ काढला. क्रुसावरच्या येशूचं जे अगदी जुनं चित्र आज उरलंय, ते भक्तानं काढलेलं नाहीच. रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवर, साधारण इसवी सन २०० च्या सुमाराला, कुणीतरी भिंतीच्या गिलाव्यावर ओरबाडून काढलेली ती टवाळी आहे: क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, त्याच्यापुढे हात उंचावलेला दुसरा, आणि खाली ग्रीकमध्ये लिहिलंय की हा अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतोय.

अलेक्सामेनोस कोण होता, त्याचं पुढे काय झालं, कुणालाच माहीत नाही. त्याला चिडवणाऱ्यानं मात्र त्याला अठराशे वर्षं जिवंत ठेवलं.

चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइननं ख्रिस्ती धर्माला आसरा दिला आणि क्रुसावर चढवण्याची शिक्षा बंद पडली. तरी भीड चेपायला वेळ लागला. रोमच्या सांता सबिना चर्चचं लाकडी दार साधारण ४३० च्या सुमाराचं. त्यावर हात पसरलेला येशू आहे, आणि त्याच्या मागचं लाकूड जवळजवळ लपवलेलं आहे! ती शिक्षा डोळ्यांनी पाहिलेली माणसं हळूहळू सरली, आणि त्यानंतरच या लाकडाला पालवी फुटली.

पालवी म्हणतो ती अक्षरशः. आर्मेनियात जा. तिथे 'खाचकार' म्हणून उभ्या शिळा असतात. खाच म्हणजे क्रूस, कार म्हणजे दगड. (आपल्या 'खाचे'शी त्याचं काही नातं नाही, पण दगडात खाचा पाडून केलेल्या कामाला हे नाव ऐकलं की मराठी कान टवकारतातच.) बऱ्याचशा शिळा पुरुषभर उंच, आणि मधल्या क्रुसावर बहुतेक वेळा येशू नसतोच. क्रुसाच्या पायथ्यातून दोन पानं फुटतात आणि दोन्ही बाजूंनी वर चढतात. खाली सूर्यासारखं वाटोळं चक्र, जणू जमिनीत पेरलेलं बी. कडेनं द्राक्षांचे घोस आणि डाळिंबं. उरलेल्या जागेत जाळी, इतकी बारीक की दगडाला सुईनं टाके घातलेत असं वाटावं. गोशावांक मठातली १२९१ मधली शिळा घडवणाऱ्याचं नाव पोघोस. तिच्यावरचा एक धागा बोटानं धरून त्याच्या मागे जायला लागलात, तर तो कुठल्या गाठीखाली गेला आणि कुठून वर आला हे शोधताना वाट हरवते.

तारीख कोरलेली सर्वात जुनी खाचकार ८७९ ची, गार्नी गावात कात्रानिदे राणीनं उभारलेली. मरणाऱ्याच्या आत्म्यासाठी खाचकार उभारत, लढाई जिंकली म्हणून उभारत, पूल बांधून झाला म्हणूनही. आपल्या गावाबाहेरच्या वीरगळांपुढे उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. कोरीव बाजू पश्चिमेला ठेवतात. म्हणजे पुढे उभा राहणारा आपोआप पूर्वेकडे, उगवतीकडे तोंड करतो. नोरातुस गावच्या दफनभूमीत अशा शेकडो शिळा आहेत. तैमूरची फौज चालून आली तेव्हा गावकऱ्यांनी या शिळांना शिरस्त्राणं चढवली, तलवारी टेकवल्या, आणि लांबून ते सैन्य वाटून शत्रू मागे फिरला, अशी तिथली दंतकथा. कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्यांना ती लगेच पटेल. २०१० मध्ये खाचकार घडवण्याच्या कलेला युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली.

ही पालवी पूर्वेला किती लांब गेली? चीनच्या शीआनमध्ये एक प्रचंड शिलालेख आहे, ७८१ चा, जवळपास पावणेतीन मीटर उंच. इराणकडून आलेल्या ख्रिस्ती भिक्षूंची हकिगत त्यावर कोरली आहे. त्यांतला पहिला, आलोपेन, ६३५ मध्ये तिथे पोचला. लेखाच्या माथ्यावर क्रूस आहे, आणि त्याच्या पायाशी फुललंय कमळ. बुद्धाचं आसन तेच या नव्या पाहुण्याला बसायला दिलं! त्याहून मजेची गोष्ट भाषेची. चिनी लिपीत दहा हा आकडा म्हणजे फुली, म्हणून क्रुसाचं त्यांचं नाव 'दहाचं अक्षर'. देवानं दहाचं अक्षर मांडून चार दिशा ठरवल्या, असं तो लेख सांगतो.

त्याच इराणी परंपरेची माणसं समुद्रमार्गे भारतातही उतरत होती. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर, केरळात कोट्टायमला, दगडी क्रूस आहेत. पायाशी तीच वळणदार पानं आणि भोवती पहलवी अक्षरं, म्हणजे इस्लामपूर्व इराणची लिपी. आणि २००१ मध्ये तसाच एक क्रूस गोव्यात आगशीला, झुआरीच्या काठी सापडला. गोव्यातला क्रूस म्हटला की आपल्याला पोर्तुगीज गलबतं आठवतात. हा त्यांच्या कितीतरी आधीचा!

पोर्तुगीजांसोबत आलेल्या क्रुसालाही इथल्या मातीनं सोडलं नाही. गोव्यात जुन्या ख्रिस्ती घरांच्या अंगणात पाहा. पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा, दिव्यासाठी दिवळी, आणि वर खुरीस. शेजारच्या हिंदू घरापुढे अगदी तसाच चौथरा, फक्त वर तुळस. संध्याकाळी दोन्हीकडे ज्योत तेवते. मुंबईत माझगाव, गिरगाव, वांद्र्याच्या गल्ल्यांत रस्त्याकडेला क्रूस उभे आहेत. त्यांतले अनेक १८९६ च्या प्लेगच्या साथीतले. घरंच्या घरं ओस पडत होती, तेव्हा वस्तीच्या तोंडाशी लोकांनी हे राखणदार उभे केले. हिब्रू बायबलात यहेज्केलच्या ग्रंथात एक प्रसंग आहे: शहरावर संहार कोसळणार, त्यातून ज्यांना वाचवायचं त्यांच्या कपाळावर एक खूण करायची. त्या खुणेसाठी मूळ शब्द आहे 'ताव', आणि त्या काळी ताव म्हणजे फुली. ख्रिस्ताच्या सुमारे सहाशे वर्षं आधीची गोष्ट. माझगावच्या गल्लीत प्लेगला अडवायला उभा केलेला दगड तीच खूण करत होता. आज त्याच्या गळ्यात झेंडूचा हार असतो.

मराठी फुलीत पहिल्यापासून फूल आहे, हे तर सांगायचंच राहिलं. नाकात घालायची तीही फुलीच.

शेवटी वसईला जाऊ. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात अशोकाच्या लेखाचा तुकडा सापडला, त्याच ब्राह्मीतला, जिच्यात क फुलीसारखा असतो. तिथून थोड्याच अंतरावर वसईची ख्रिस्ती गावं. त्यांची प्रार्थना मराठीत, थडग्यांवरचा मजकूर मराठीत. तिथल्या एखाद्या चौथऱ्यावर कोरणाऱ्याला 'क्रूस' हा शब्द कोरायचा असतो. तो छिन्नी टेकवतो, एक उभी रेघ ओढतो, आणि ती छेदून क काढतो.