हूल कधी चालते?

पोकेमॉनमध्ये ‘सब्स्टिट्यूट’ नावाचा एक डाव आहे. इथे बसलेल्या पोरांना तो पाठ असेल, पालकांसाठी सांगतो. आपल्या एकूण ताकदीतला पाव हिस्सा मोजायचा आणि त्यातून एक बाहुला उभा करायचा. पुढचे बहुतेक घाव तो खातो, आपण मागे सुखरूप. ताकदच पाव किंवा त्याहून कमी उरली असेल, तर डाव लागत नाही. १९९६ च्या पहिल्या गेमपासून किंमत तीच: पाव हिस्सा.

पण तिथे समोरच्याला फारसा पर्याय नसतो, बाहुला मध्येच उभा असतो. आपल्या लालबाग-परळच्या कबड्डीत तसं नाही. चढाईपटूनं हूल दिली तरी बचावपटू जागचा हलला नाही की संपलं! मग तो हलतो का?

बोनस रेषा आठवा. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर, बोनस रेषा तिच्याही पुढे एक मीटर. एक पाय तिच्या पलीकडे टेकला आणि त्या वेळी दुसरा हवेत असला, की गुण. चढाईपटू तिकडे पाय टाकतो तेव्हा कोपरारक्षकाला वाटतं, आता घोटा धरावा. तो वाकला की चढाईपटूचा हात त्याच्या पाठीवर! इथे गंमत बघा. तो पाय नुसता दिखावा नाही. कोपरारक्षक हलला नाही तर बोनस खरोखरच जातो. आमिष खरं आहे, म्हणून हूल लागते.

याचा पुरावा नियमातच आहे. बोनस मिळतो तो समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच. पाच उरले की तोच पाय, तीच चपळाई, पण कोपरारक्षक ढिम्म! कशाला हलेल? जाणार काहीच नाही. मग चढाईपटूला दुसरं आमिष शोधावं लागतं. लोअर परळला श्रमिक जिमखान्यावर सामना बघायला गेलात, तर चेंडूबिंडू नसलेल्या या खेळात डोळे कुठे ठेवायचे असं नवखे विचारतात. आधी समोरची डोकी मोजा.

मुरलेला कोपरारक्षक मात्र उलटा डाव टाकतो. मुद्दाम मागे सरकतो, बोनस घेऊ देतो. चढाईपटू पावणेपाच मीटर आत आलेला, परतीची वाट लांबलेली, आणि तेवढ्यात साखळी मिटते. बोनस त्याला मिळतोच, पकडीचा गुण यांना. आणि तो गडी बाहेर.